नुसता भात

गेल्या वर्षभरात माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या निदान चार जणांनी मला सांगितलं आहे की शेती ही माणसाची घोडचूक होती. तोंडात आरसा आणि थुंकी ओढणारी नळी असताना माणूस जेवढं बोलू शकतो त्याहून हे बरंच जास्त आहे. शेवटचा होता घोडबंदर रोडवरून ऐरोलीला नोकरीला येणारा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. अक्कलदाढ आडवी, जबड्यात अडकलेली. पोळी-भात सोडून त्याला सात महिने झाले होते. "डॉक्टर, शिकारी माणसाच्या जबड्यात अक्कलदाढ नीट बसायची. गहू आला आणि जबडा आखडला. उंची घटली, दात किडले. सांगाड्यांवरून सिद्ध झालंय." कुठल्या तरी रीलमध्ये ऐकलेलं, पण पाठांतर चोख. दाढ काढली, दोन टाके घातले आणि सांगितलं, दोन दिवस मऊ भात खा, गार करून. मी त्याला काही पाप करायला सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

त्याच्या बोलण्यातलं बरंचसं खरं आहे, हीच अडचण. कच्चं, चिवट खाणं सुटून दळलेलं, शिजवलेलं मऊ अन्न आलं, वाढत्या वयात जबड्याला काम कमी पडलं आणि जबडे लहान राहू लागले, हे आम्हीही मानतो. माझ्या दवाखान्याचं भाडं त्यातून सुटतं. पण खऱ्या माहितीवरून तो ज्या ठिकाणी पोचला ते मला पटत नाही. जुन्या हाडांमधून काही शिकायचंच असेल तर ते जिमच्या डाएट चार्टमध्ये कमी आणि रेशनच्या दुकानात, शाळेच्या खिचडीत जास्त उपयोगी पडेल.

आधी दाताबद्दल, कारण तो माझा धंदा. हाड जिवंतपणी स्वतःची डागडुजी करत राहतं. मोडलं तर जुळतं, झिजलं तर थोडंफार भरून येतं. दातावरचं एनॅमल तसं नाही. मूल लहान असताना ते हिरडीच्या आत थरावर थर चढत तयार होतं, आणि दात बाहेर आला की ते बनवणाऱ्या पेशी उरतच नाहीत. थर चढत असण्याच्या दिवसांत मुलाला मोठा ताप आला, हगवण लागली, महिनोन्‌महिने पोटात धड काही पडलं नाही, तर काम अडतं आणि तिथे एक आडवी खाच राहते. समोरच्या कायमच्या दातांचं एनॅमल साधारण तीन-चार महिन्यांच्या वयापासून चार-पाच वर्षांपर्यंत बनत असतं. म्हणून खाच दाताच्या काठापासून किती अंतरावर आहे ते पाहून ती कोणत्या वयात पडली याचा अंदाज बांधता येतो. माणूस सत्तरीत गेला तरी त्याच्या दुसऱ्या वर्षातली उपासमार दातावर असते. तीन हजार वर्षं मातीत राहिला तरी असते.

असल्या खाचा, हाडांवरचे व्रण, डोळ्याच्या खोबणीच्या छताला पडलेली चाळण हे सगळं मोजणाऱ्या लोकांचे अभ्यास १९८४ मध्ये मार्क कोहेन आणि जॉर्ज आर्मेलागॉस यांनी एकत्र आणले, तेव्हा बहुतेक ठिकाणचं उत्तर एकाच दिशेचं निघालं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिक्सन माउंड्स या जुन्या दफनभूमीचा दाखला सगळ्यांत जास्त देतात. तिथे इ. स. ११५० च्या सुमारास लोक मक्यावर आले. त्यानंतरच्या सांगाड्यांत एनॅमलचे दोष जवळपास ५० टक्क्यांनी वाढले, ॲनिमियाच्या खुणा चौपट झाल्या, हाडांपर्यंत पोचलेल्या संसर्गाच्या खुणा तिप्पट. जन्मवेळचं सरासरी आयुर्मान २६ वर्षांवरून १९ वर आलं. ग्रीस आणि तुर्कस्तानातल्या सांगाड्यांवरून लॉरेन्स एंजल यांनी काढलेला हिशेब असा, की हिमयुग संपताना तिथल्या पुरुषांची सरासरी उंची पाच फूट नऊ इंच होती, इ. स. पू. ३००० पर्यंत ती पाच फूट तीन इंचांवर आली. अशाच आकड्यांच्या जोरावर अमेरिकन लेखक जॅरेड डायमंड यांनी १९८७ मध्ये शेतीला मानवजातीच्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक म्हटलं. माझ्या पेशंटच्या रीलचं मूळ ते.

पण सांगाडे म्हणजे गाव नव्हे, गावातले मेलेले. समजा दोन मुलांना एकाच साथीचा ताप आला. एक दोन दिवसांत गेलं. त्याच्या हाडांवर, दातांवर काहीच उमटलं नाही, कारण उमटायला वेळच मिळाला नाही. दुसरं महिनाभर झगडून वाचलं, साठ वर्षं जगलं आणि दातावर खाच घेऊन गेलं. तीन हजार वर्षांनी उकरणाऱ्याला पहिलं मूल धडधाकट दिसेल आणि दुसरं रोगट. जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हा पेच मांडला, तेव्हापासून हाडं वाचणारे लोक जरा जपून बोलू लागले आहेत. रील बनवणाऱ्यांपर्यंत तो अजून पोचायचा आहे. आयुर्मानाचंही तसंच. ज्या गावात मुलं जास्त जन्मतात तिथल्या मातीत लहान सांगाडे जास्त सापडणारच, आणि सरासरी वय खाली येणारच. शेतीने नेमकं तेच केलं. एका जागी राहणाऱ्या, धान्याची पेज पाजून बाळाचं अंगावरचं दूध लवकर तोडू शकणाऱ्या बाईला कमी कमी अंतराने मुलं होऊ लागली. तेव्हा २६ वरून १९ या घसरगुंडीत आजार किती आणि पाळणे किती, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही.

दातांच्या किडीचा दोषही सरसकट शेतीच्या माथी मारता येत नाही. मोरोक्कोतल्या ताफोराल्तच्या गुहेत साधारण १५,००० ते १३,७०० वर्षांपूर्वी राहणाऱ्या लोकांना शेती ठाऊकही नव्हती. तरी त्यांचे निम्मे दात किडलेले निघाले, कारण ओकच्या झाडाची पिठूळ फळं साठवून ते वर्षभर खात. दात नांगराने किडत नाहीत. चिकट पिष्ट दातांच्या फटीत बसून राहिलं की किडतात, मग ते रानातलं असो की बिस्किटाच्या पुड्यातलं. हे मी आयांना रोज सांगते आणि त्या रोज मान डोलावतात.

परदेशी हाडांवर आपण इतकं बोलतो आणि उशाशी असलेलं इनामगाव विसरतो. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजने तिथे खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ. स. पू. १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षं, तिथे शेतकरी राहिले. मुख्य पीक जव. जोडीला गहू, मसूर. गुरं, शेळ्यामेंढ्या, नदीतले मासे, शिकारीचं हरीण. पाणी शेताकडे वळवायला त्यांनी पाट खणला होता. आणि आपली मेलेली माणसं त्यांनी घराच्याच जमिनीखाली पुरली. मोठ्यांना घोट्यांखालची पावलं तोडून, बहुधा मेलेल्याने उठून चालायला लागू नये म्हणून. लहान मुलांना दोन मडक्यांत, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. दोनशेहून जास्त दफनं सापडली, त्यांतली बहुसंख्य मुलांची. अशा जोडमडक्यांपुढे मी एकदा बराच वेळ उभी होते, आणि तेव्हा मला दातांची आठवण झाली नाही.

इतरांना झाली, हे बरं. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांचे दुधाचे सुळे तपासले. बाळ काही महिन्यांचं असताना त्याची आबाळ झाली तर त्या सुळ्यावर एक खड्डा राहतो. इ. स. पू. १००० नंतर गावाचा नूर पालटला. ढवळीकरांच्या मते पाऊस ओसरला. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, शिकार आणि रानातलं खाणं वाढलं. आणि या उत्तरकाळातल्या मुलांच्या सुळ्यांवर खड्डे आधीच्यापेक्षा कमी निघाले. शेती आटली आणि बाळं सुधारली, असं वाटलं ना? पण पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्याच गावच्या मुलांची हाडं मोजली, तर उत्तरकाळातल्याच मुलांची वाढ त्यांना खुंटलेली दिसली. गाव एक, माती एक, दात एक सांगतात आणि हाडं भलतंच.

मला हा वाद फार आवडतो, कारण दवाखान्यात हे रोज घडतं. सुळ्यावरचा खड्डा पहिल्या वर्षाचा, म्हणजे आईच्या अंगावरच्या दुधाचा काळ. हाडांतली खुंटलेली वाढ त्यानंतरची, दूध तुटून मूल घरातल्या ताटावर आल्यावरची. दोन्ही खरं असू शकतं: आयांना रानातलं बरंवाईट खायला मिळत होतं म्हणून अंगावरची बाळं तगली, आणि पुढे कोठारात काही नव्हतं म्हणून दोन-तीन वर्षांची मुलं खंगली. हा माझा तर्क आहे, त्या संशोधकांचा नव्हे. पण तो बरोबर असेल तर इनामगावची मुलं शेतीविरुद्ध साक्ष देत नाहीत आणि शिकारीच्या बाजूनेही देत नाहीत. घरात खाण्याच्या किती वाटा उघड्या होत्या, एवढंच ती सांगतात.

आणि कोठाराचं म्हणाल, तर इनामगावात एक पाच खोल्यांचं घर सापडलं. त्याला लागून धान्याचं कोठार. खणणाऱ्यांनी ते गावच्या मुख्याचं घर मानलं. त्याच्या अंगणात चार पायांच्या, पोट फुगलेल्या कच्च्या मातीच्या रांजणात एक चाळिशीचा पुरुष बसवलेला होता. त्याची पावलं मात्र शाबूत होती. हरणाचं कोठार करता येत नाही. मारलेलं हरीण दोन दिवसांत वाटून खावंच लागतं. जव साठवता येतो, आणि जे साठवता येतं त्याला दार लागतं, दाराला राखणदार लागतो. ताटातला बदल मोठा होताच, पण त्या दाराची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

त्या धान्याचं पीठ कोणी केलं हेही हाडांत आहे. सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाचं फार जुनं शेतकरी गाव होतं. तिथल्या सांगाड्यांत थेया मॉलेसन यांना, मुख्यतः बायकांच्या, पायांच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले, गुडघे आणि कंबर खराब झालेली दिसली. कारण शोधताना लक्षात आलं की गुडघे टेकून, पायाची बोटं मागे दुमडून, पाट्यासारख्या दगडावर दोन्ही हातांनी पुढेमागे दळण दळलं की नेमके हेच सांधे जातात. तासन्‌तास, रोज, जन्मभर. मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं आजच्या होड्या वल्हवणाऱ्या खेळाडू मुलींपेक्षाही मजबूत होती, असं केंब्रिजच्या एका गटाने २०१७ मध्ये दाखवलं. ही बातमी वाचून अनेकांनी टाळ्या वाजवल्या. मला माझ्या आजीचे गुडघे आठवले. जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक करणाऱ्यांनी त्या गाणाऱ्या बाईचा एखादा एक्स-रे पाहावा. गिरणी आली आणि बाईचा गुडघा सुटला. पीठ बारीक झालं आणि नातवाचा दात किडला. यातलं एकच निवडायचं असेल तर मी गिरणी निवडेन. दात भरता येतो.

हीच कहाणी तुर्भ्याच्या दाणाबाजारात जाऊन बघता येते. कैक वर्षं माथाडींनी तिथे क्विंटलभराची पोती पाठीवर वाहिली. आता पोतं पन्नास किलोचं आहे. त्यांच्या मानेचे मणके उद्या कोणी उकरले तर वरच्या सगळ्या अभ्यासात आणखी एका परिशिष्टाची भर पडेल.

तर मग मागे फिरायचं का? हिशेब सोपा आहे. पालघर वेगळा होण्याआधीचा ठाणे जिल्हा ९,५५८ चौरस किलोमीटरचा होता. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांना चौरस किलोमीटरमागे एक माणूस हीसुद्धा दाटीच, पण धरू. म्हणजे साडेनऊ हजार माणसं. गर्दीच्या वेळच्या दोन-तीन लोकलमध्ये सगळा जिल्हा मावेल. २०११ च्या जनगणनेत त्या जिल्ह्यात एक कोटी दहा लाख लोक होते. बाकीच्यांनी काय करायचं, याचं उत्तर रीलमध्ये नसतं. शिवाय बाहत्तरच्या दुष्काळातली मिलो ज्वारी आणि सुकडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांच्यासमोर धान्याला नावं ठेवायची माझी तरी छाती नाही. चव कशीही असो, पोत्यात भरून गावोगाव पोचवता येतं ते धान्यच.

शेती की शिकार हा वादच मुळात खोटा आहे, हे ज्यांच्याकडून मी शिकले ते लोक माझ्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहतात. दिवा गावातल्या एक आगरी आजी माझ्याकडे येतात. आयुष्यभर मिश्री लावल्याने दात काळे कुळकुळीत, पण किडलेला दात एकच. त्यांचा नातू नऊ वर्षांचा, किडलेल्या दाढा चार. एवढ्यावरून आकडेवारी होत नाही हे मला कळतं. आजींना विचारलं, तुम्ही लहानपणी काय खायचात? "भातच. पन म्हावऱ्याबिगर भात कोन खातंय, डाक्टर?" मग त्या सांगत बसल्या आणि बाहेरचे पेशंट खोळंबले. खारजमिनीतला भात होता. पण पहिल्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे मासे होते, चिखलातले निवटे होते, खाडीकाठच्या खाजणातल्या चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, खडकावरची कालवं, उन्हात वाळवलेला जवळा. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, कुरडू, भारंगी. म्हणजे बाई पक्की शेतकरी, आणि अर्ध्या ताटापुरती रानातलं-खाडीतलं वेचून खाणारी. हाडं ज्या शेतीची तक्रार करतात ती एका धान्याची, नुसत्या भाताची किंवा नुसत्या मक्याची शेती. या बाईची शेती ती नव्हतीच.

ते ताट गेलं कसं? १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं संपादनात गेली. भातजमिनीला आणि मिठागरांना भाव ठरला, तो तुटपुंजा म्हणून लोक रस्त्यावर आले, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळू लागले. हा लढा न्याय्य होता, त्याचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्यावं असा ठराव राज्याने केला तो उगाच नाही. पण सगळी भांडणं सातबाऱ्यावरच्या जमिनीची झाली. वलगणीच्या माशाचा सातबारा नसतो. निवट्याचा नसतो. बुजवलेल्या खाजणाबरोबर घरातली आमटी गेली, त्याची नुकसानभरपाई कोणत्या नमुन्यात मागायची? उरलेल्या खाडीला ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी काय पाजलं ते वेगळं सांगायला नको. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, फ्लेमिंगोंसाठी ते चांगलंच झालं. खाडीतलं किती खावं, हा प्रश्न मात्र आजी स्वतःच विचारतात.

वेचून खाण्याची ती अर्धी बाजू अजून पुरती मेलेली नाही. जूनमध्ये ठाण्यात जांभळी नाक्याकडे गेलात तर शहापूर-मुरबाडकडून आलेल्या बाया जमिनीवर शेवळं मांडून बसलेल्या असतात, बरोबर काकडाची फळं, नाहीतर घशाला खाज सुटेल. गाडीतून उतरणारे लोक ते कौतुकाने घेतात आणि फोटो टाकतात. विकणारी बाई मात्र ते पैसे घेऊन परत जाताना बहुधा तांदूळच नेते.

आता रेशनकडे येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. २०२३ पासून ते फुकट आहे. देशातल्या ८० कोटींहून अधिक लोकांचं हे कोठार आहे, आणि त्याने भूक मारली हे मी मान्य करते. पण आत काय आहे? तांदूळ आणि गहू. अबू हुरेरात गहू आणि राय नावाचं धान्य होतं, डिक्सन माउंड्सला मका, आपल्याकडे तांदूळ-गहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया होता. पाच वर्षांखालच्या मुलांत तो ६८.९ टक्के, आणि ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली. या सगळ्याला एकटं धान्य जबाबदार नाही; जंत, घाण पाणी, लागोपाठची बाळंतपणं हेही आहेच. हाडं वाचणारेही डोळ्याच्या खोबणीतल्या चाळणीला आता नुसती लोहाची कमतरता म्हणत नाहीत. पण ताट अरुंद आहे हे कोणी नाकारत नाही.

यावर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे तांदळातच लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळणं. त्याने काहीच होणार नाही असं मी म्हणत नाही, पण ताट तेवढंच ठेवून त्यात औषध शिंपडायचं, हा विचार मला खटकतो. डाळ देणं जमत नाही असंही नाही. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात एप्रिल ते नोव्हेंबर कुटुंबामागे महिन्याला एक किलो डाळ किंवा चणा फुकट दिलाच होता. तमिळनाडू रेशनवर तूरडाळ तीस रुपये किलोने देतं, आणि तिथल्या शाळांत मुलांना जेवणात रोज अंडं असतं. आपल्याकडे २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' आला: रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. डाळ म्हणजे सणाची चैन, असाच त्याचा अर्थ झाला. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडं सुरू झालं. एकच, पण सुरू झालं. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे काढून घेतले आणि शाळांना सांगितलं, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या. आदिवासी भागांतल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेखाली मुलांना अंडी, केळी देण्याची व्यवस्था याच राज्याने बसवलेली आहे, तेव्हा कसं करायचं ते माहीत नाही हे कारण चालणार नाही.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला विचारला जातो. रास्त आहे. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. खुंटलेलं मूल पुढे किती कमी शिकतं, किती कमी कमावतं, ॲनिमिक आईचं बाळ किती कमी वजनाचं जन्मतं, हे कोणाच्याच खर्चाच्या रकान्यात येत नाही. इनामगावात मेलेली मुलं निदान घराच्या जमिनीखाली होती, विसरता येत नव्हती. माझी मागणी फार मोठी नाही. रेशनवर दर महिन्याला डाळ आणि तेल, जमेल तिथे नाचणी. शाळेत अंडं, न खाणाऱ्याला केळं किंवा दूध, आणि त्याचे पैसे गावजेवणासारखी वर्गणी काढून नव्हे तर अर्थसंकल्पातून. उरलेली खाजणं आणि खाडी यांचा विचार करताना फ्लेमिंगोंच्या शेजारी चिंबोरी धरणारी बाईही नकाशावर दिसावी. अंड्याला विरोध करणाऱ्यांशी मी इथे वाद घालत नाही; ज्यांची मुलं इतर वाटांनी प्रथिनं खातात त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या ताटातून काही उचलू नये, इतकंच.

त्या जिमवाल्या मुलाचंही मी थोडं ऐकते. साखर आणि मैदा त्याने सोडला ते उत्तमच केलं. पण महिन्याला बदाम, सामन मासा आणि ॲव्होकॅडोवर जेवढे पैसे तो घालवतो तेवढ्यात एका कुटुंबाची वर्षाची डाळ होईल. धान्य सोडणं हा त्याच्यासाठी निवडीचा प्रश्न आहे, कारण धान्याबरोबर खायला त्याच्याकडे बाकी सगळं आहे.

परवा रबाळ्याहून एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा आठ वर्षांचा, समोरचे कायमचे दात नुकते पुरते उतरलेले. दोन्ही दातांवर सारख्याच उंचीला आडवी पिवळट खाच. "घासून घासून जाईना," त्या म्हणाल्या. एकाच दातावर असती तर कुठे पडला-बिडला असेल म्हटलं असतं. मी अंतर पाहिलं, मनात उलटं मोजलं आणि विचारलं, "ताई, हा दोनेक वर्षांचा असताना मोठा आजारी होता का?"

त्यांनी वर्षं मोजली. "आजारी नव्हता. लॉकडाऊन होतं तेव्हा. ह्यांचं काम बंद, माझीपण घरं बंद. रेशन कार्ड गावाला, परभणीला. इथं कोण देणार? शेजारीण तांदूळ द्यायची."

"आणि तांदळाबरोबर?"

"नुसता भातच की हो. मीठ घालून."